विश्लेषण : सर्पदंशावर उतारा शोधणाऱ्या डॉक्टरने नागाचे विषच औषध म्हणून का तपासले?

डाव्या दंडावर एक छोटासा गोल व्रण असतो. जन्मानंतर दिलेल्या बीसीजी लशीची ती खूण. देशातल्या बहुतेकांच्या अंगावर ती आहे, पण बीसीजी या तीन अक्षरांतले मधले अक्षर कोणाचे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ‘बी’ म्हणजे बॅसिलस, ‘जी’ म्हणजे गेरँ आणि ‘सी’ म्हणजे आल्बेर काल्मेत.

क्षयावरच्या लशीमुळे काल्मेत यांचे नाव जगभर झाले. पण त्यांच्या कामाची सुरुवात सापांपासून झाली आणि शेवटही सापांपाशीच झाला. सर्पदंशावरचे सीरम तयार करणाऱ्या पहिल्या संशोधकांपैकी ते एक. मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, ते नागाचे विष कर्करोग झालेल्या उंदरांना टोचून पाहत होते. याच काळात ते विष कर्करुग्णांच्या वेदना कमी करते, असे डॉक्टरांच्या लक्षात आले. आज शंखातल्या गोगलगायीपासून ब्लॅक मांबापर्यंत अनेक प्राण्यांच्या विषांत वेदनाशामके शोधली जात आहेत. त्या शोधाचा एक जुना धागा काल्मेत यांच्या आयुष्यात सापडतो.

काल्मेत कोण होते?

जन्म १२ जुलै १८६३, फ्रान्समधील नीस येथे. शिक्षण नौदलाच्या वैद्यकीय शाखेत. नौदलाचे डॉक्टर म्हणून ते हाँगकाँगला गेले, तिथे पॅट्रिक मॅन्सन यांच्या सहवासात हत्तीरोगाच्या जंतांचा अभ्यास केला आणि त्यावरच डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर पश्चिम आफ्रिकेतले गॅबन, मग कॅनडाजवळचे सेंट-पिएर हे थंडगार बेट. या बेटावर खारवलेल्या कॉड माशांवर लाल डाग पडून माल वाया जात असे. काल्मेत यांनी त्यामागचा सूक्ष्मजीव शोधायला घेतला. पुढे आयुष्यभर त्यांची कामाची पद्धत हीच राहिली : समोर जी अडचण दिसेल ती प्रयोगशाळेत आणायची.

१८९० मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू यांच्याकडे शिकायला आले. मुंबईच्या ज्या संस्थेला पुढे ज्यांचे नाव मिळाले, ते वाल्देमार हाफकिनही त्या वेळी याच संस्थेत होते. पुढच्याच वर्षी लुई पाश्चर यांनी काल्मेत यांना सायगावला पाठवले. तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या या शहरात संस्थेची परदेशातली पहिली शाखा उभारायची होती. काल्मेत यांचे वय होते २८.

एकाच प्रयोगशाळेत अफू आणि नाग

सायगावच्या प्रयोगशाळेचे ठरलेले काम देवी आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरच्या लशी तयार करण्याचे होते. देवीची लस तिथे रेडकांवर वाढवली जाई. पण वसाहतीच्या सरकारला पैसा मिळवून देणारे दोन धंदे तिथे जोरात होते, दारू आणि अफू. काल्मेत यांनी तांदळाची दारू आंबवणारी बुरशी वेगळी केली, तिचा पुढे उद्योगात वापर झाला. ओढण्याच्या अफूचे आंबवणे कोणत्या बुरशीमुळे होते, हेही त्यांनी शोधले आणि ही वेळखाऊ प्रक्रिया लवकर उरकण्याचा मार्ग दाखवला. वसाहतीच्या तिजोरीसाठी केलेले हे काम आज वाचताना खटकते.

अफूचा उल्लेख इथे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. मॉर्फिन अफूतूनच मिळते, आणि त्या काळी असह्य वेदनेवर डॉक्टरांचा मुख्य आधार मॉर्फिनच होता. त्याची सवय लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते आणि जास्त झाली तर श्वास बंद पडतो. म्हणजे वेदनाशामकांची जुनी वाट आणि पुढे निघालेली नवी वाट, या दोन्ही एकाच तरुण डॉक्टरच्या टेबलावर होत्या. अर्थात तेव्हा त्यांच्या डोक्यात वेदनेचा विचार नव्हता. नागाचा चावा हा जिवाचा प्रश्न होता.

बाक लिएऊला नेमके काय घडले?

ऑक्टोबर १८९१. मेकाँगच्या खोऱ्यातल्या बाक लिएऊ परिसरात मुसळधार पाऊस झाला. पाण्याने बिळे भरली आणि नाग एका गावातल्या झोपड्यांत शिरले. ४० जणांना दंश झाला, चौघे दगावले. गावातल्या एका गारुड्याने १९ नाग जिवंत पकडून पिंपात बंद केले. आता त्यांचे करायचे काय? तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्याने ते पिंपच सायगावच्या नव्या प्रयोगशाळेकडे रवाना केले.

एवढे विष एकाच वेळी हाती येणे ही संशोधकासाठी पर्वणीच होती. काल्मेत यांनी विष काढले, वाळवले, तोलले आणि कोणत्या प्राण्याला किती मात्रा मारते याची मोजणी सुरू केली. मग उतारा म्हणून एकेक रसायन तपासले. गोल्ड क्लोराइड आणि चुन्याचे हायपोक्लोराइट, म्हणजे आपल्या ओळखीची ब्लीचिंग पावडर, विषात मिसळली तर विष निकामी होत होते. पण शरीरात पसरलेल्या विषाचा पाठलाग ही रसायने करू शकत नव्हती.

आमांशाने आजारी पडून काल्मेत फ्रान्सला परतले आणि काम पॅरिसमध्ये पुढे सुरू झाले. एव्हाना बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वात व घटसर्प यांबाबत एक गोष्ट दाखवून दिली होती. प्राण्याला थोडे थोडे विष देत गेले की त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. काल्मेत यांनी हेच नागाच्या विषाबाबत केले. आधी सशांना, मग घोड्यांना. सुरुवातीला सौम्य केलेले विष, मग शुद्ध विष, मग वाढती मात्रा. वर्षभराहून अधिक काळ हे चालले की घोडा एरवी प्राणघातक ठरणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट विष पचवू लागे. त्याच्या रक्ताचे सीरम हेच औषध.

फेब्रुवारी १८९४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. योगायोग असा की, पॅरिसमधल्याच सेझार फिझालिक्स आणि गाब्रिएल बेर्त्रां यांनीही त्याच वेळी, युरोपातल्या व्हायपर सापाच्या विषावर, असेच निष्कर्ष जाहीर केले. त्यामुळे पहिले श्रेय कोणाचे, हा वाद आजही अधूनमधून निघतो. पण कारखान्यासारख्या पद्धतीने सीरम बनवून ते परदेशांत पाठवण्याचे काम काल्मेत यांचेच.

काल्मेत यांचे कुठे चुकले?

नागाचे सीरम सगळ्या विषारी सापांवर चालेल, असे काल्मेत यांनी जाहीर केले. ते चुकीचे होते.

ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांना तिथल्या सापांवर हे सीरम उपयोगी पडत नसल्याचे दिसले. ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील यांनी प्रत्येक गटातल्या सापाला त्याचे स्वतंत्र सीरम लागते, हे सिद्ध केले. भारतात सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर जॉर्ज लँब यांनी हेच घोणशीच्या बाबतीत दाखवले. काल्मेत यांचे सीरम नागाच्या विषावर चाले, घोणशीच्या विषावर नाही.

मराठी वाचकाला यामागचे कारण समजणे सोपे आहे. ग्रामीण भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशातला फरक अनुभवाने माहीत असतो. नाग आणि मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर जाते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि रक्तस्राव होतो. म्हणूनच भारतात आज या चारही सापांची विषे घोड्यांना टोचून एकत्रित सीरम बनवतात. मुंबईत परळच्या हाफकिनमध्येही अनेक दशके अशीच लस तयार होत आली. पद्धत मूळ काल्मेत यांचीच, फक्त त्यांचा दावा दुरुस्त करून घेतलेली.

ही चूक वेदनाशामकांच्या गोष्टीत महत्त्वाची आहे. सापाचे विष हा एक पदार्थ नाही. त्यात डझनावारी प्रथिने आणि विकरे असतात. एक मज्जातंतू अडवते, दुसरे पेशींची आवरणे फोडते, तिसरे रक्तावर काम करते. यातले औषध कोणते आणि मारेकरी कोणते, हे निवडता आले नाही तर सगळे मिश्रणच रुग्णाच्या अंगात जाते. काल्मेत यांच्या काळात ही निवड करण्याची साधने नव्हती.

लील, क्षय आणि ल्युबेकचा आघात

१८९५ पासून काल्मेत उत्तर फ्रान्समधल्या लील शहरातल्या नव्या पाश्चर संस्थेचे संचालक होते. गिरण्यांच्या या शहरात क्षयाने घरेच्या घरे बसत होती. काल्मेत यांनी कामगारांसाठी क्षयाचा दवाखाना काढला, सांडपाणी शुद्धीकरणाचे प्रयोग केले, १९०७ मध्ये विषारी प्राण्यांवरचा मोठा ग्रंथही लिहिला. १९०८ पासून कामिय गेरँ यांच्यासह त्यांनी गाईच्या क्षयाचा जिवाणू पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी नव्या बटाट्यावर. १३ वर्षांत अशा २३० फेऱ्या झाल्या. मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले, काल्मेत यांच्या पत्नीला ओलीस म्हणून नेण्यात आले. भाऊ गास्तों ‘ल फिगारो’ या दैनिकाचे संपादक होते, त्यांना युद्धाच्या तोंडावर एका मंत्र्याच्या पत्नीने कार्यालयात गोळ्या घालून ठार केले. तरी बटाट्यांच्या फेऱ्या चालू राहिल्या. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला ही लस तोंडावाटे दिली गेली.

मग १९३० साल उजाडले. जर्मनीतल्या ल्युबेक शहरात सुमारे अडीचशे नवजात बाळांना ही लस दिली गेली आणि त्यातली ७० हून अधिक बाळे क्षयाने दगावली. युरोपभर गदारोळ उठला. काल्मेत यांचे नाव लशीतच असल्याने बोट त्यांच्याकडे वळणे अपरिहार्य होते. चौकशीत निष्पन्न झाले ते वेगळेच. पॅरिसहून आलेला जिवाणू निर्धोक होता, पण ल्युबेकच्या प्रयोगशाळेत लस तयार करताना त्यात क्षयाचा खरा, घातक जिवाणू मिसळला गेला होता. खटला चालला, तिथल्या दोन डॉक्टरांना शिक्षा झाली आणि बीसीजी निर्दोष ठरली. पण निकाल यायला १९३२ उजाडले. साठी ओलांडलेल्या काल्मेत यांच्यावर या दोन वर्षांचा खोल परिणाम झाला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

शेवटच्या वर्षी पुन्हा नागाकडे का?

अशा मनःस्थितीतल्या माणसाने आपल्या सर्वात जुन्या विषयाकडे परतावे, यात नवल वाटत नाही. मात्र निमित्त दुसऱ्याचे होते. अमेरिकी डॉक्टर मोनालेसर यांच्या नावाने एक हकिकत सांगितली जाते. कुष्ठरोगाच्या एका रुग्णाला मोठा विषारी कोळी चावला आणि त्याच्या जुन्या वेदना कमी झाल्या. यातून विषाचा वापर वेदनेवर करता येईल का, असा प्रश्न निघाला. कोळ्याचे विष पुरेसे मिळणे आणि मोजणे अवघड. नागाचे विष मात्र भरपूर मिळते, आणि ते मोजायचे कसे हे काल्मेत यांनी चार दशकांपूर्वीच दाखवून ठेवले होते.

१९३३ मध्ये काल्मेत यांनी साएन्स आणि कोस्तिल या सहकाऱ्यांसह कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांवर नागाच्या विषाचे परिणाम तपासले आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. त्यांचे लक्ष गाठीवर होते. त्याच वर्षी मोनालेसर आणि तागे यांनी कर्करुग्णांना अतिशय अल्प मात्रेत विष देऊन पाहिले. कर्करोगावर इलाज म्हणून हे विष पुढे टिकले नाही. पण अनेक रुग्णांच्या वेदना कमी झाल्या, असे या डॉक्टरांनी नोंदवले. शोध गाठीवरच्या औषधाचा होता, हाती लागले वेदनेवरचे.

हे पुढे नेण्यासाठी काल्मेत उरले नाहीत. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे गुरू एमिल रू त्यानंतर पाचच दिवसांनी गेले.

पुढे कोणी काय केले?

सूत्र अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या डेव्हिड माख्त यांनी उचलले. १९३६ मध्ये त्यांनी नागाच्या विषाची वेदनाशामक म्हणून प्राण्यांवर आणि रुग्णांवर पद्धतशीर तपासणी प्रसिद्ध केली. विषाची मात्रा ‘उंदीर एककात’ मोजली जाई, म्हणजे ठरावीक वजनाच्या उंदराला मारण्यास जेवढे विष लागते तेवढे एक एकक. ऐकायला विचित्र वाटते, पण प्रत्येक नागाचे विष कमी-जास्त तीव्र असते, त्यामुळे ग्रॅममध्ये मोजण्यापेक्षा हे माप जास्त भरवशाचे होते. माख्त यांच्या निरीक्षणानुसार मॉर्फिनचा परिणाम लगेच दिसतो आणि काही तासांत ओसरतो. नागाच्या विषाला वेळ लागतो, पण परिणाम जास्त टिकतो. मॉर्फिनसारखी सवय लागल्याचे त्यांना दिसले नाही. अमेरिकेत या विषापासून बनवलेले इंजेक्शन काही काळ बाजारातही होते.

हे औषध मुख्य प्रवाहात मात्र आले नाही. विष कच्चे होते, त्यातले नेमके कोणते प्रथिन काम करते हे माहीत नव्हते, आणि आजच्या निकषांवर टिकतील अशा तुलनात्मक चाचण्या झाल्या नव्हत्या. शिवाय विषातली प्रथिने गिळली तर पोटात पचून जातात, म्हणजे गोळी करता येत नाही. दरम्यान प्रयोगशाळेत बनणारी नवी वेदनाशामके आली आणि नाग मागे पडला. चीनमध्ये मात्र नागाच्या विषातल्या प्रथिनावर आधारलेली वेदनाशामके वापरात राहिली.

विष वेदना थांबवते ते कसे?

मेंदूने स्नायूला आकुंचन पाव असे सांगितले की मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन हे रसायन सुटते. ते स्नायूवरच्या रिसेप्टरमध्ये, किल्ली कुलपात बसावी तसे, बसते. नागाच्या विषातले न्यूरोटॉक्सिन त्या कुलपात आधीच अडकून बसते. किल्ली शिरत नाही, स्नायू हलत नाही आणि श्वासाचा पडदा थांबला की माणूस दगावतो. वेदनेचा निरोप वाहून नेणाऱ्या यंत्रणेतही अशीच कुलपे असतात. विषाचा एखादा घटक स्नायूंना धक्का न लावता नेमक्या त्या कुलपात बसला, तर तो घटक औषध ठरू शकतो.

म्हणजे मारण्याची आणि बरे करण्याची ताकद एकाच गुणातून येते, नेमकेपणातून. हा नेमकेपणा संशोधनाला वेगळ्या मार्गानेही उपयोगी पडला. १९६३ मध्ये तैवानमध्ये चांग आणि ली यांनी मण्यारीच्या एका भाऊबंदाच्या विषातून बंगारोटॉक्सिन वेगळे केले. त्याच्याच मदतीने पुढे अॅसिटिलकोलीनचा रिसेप्टर पहिल्यांदा वेगळा काढता आला. किल्ली घेऊन कुलूप शोधण्याचाच हा प्रकार.

मग आज औषध आहे का?

आहे, पण ते नागाचे नाही. समुद्रातली कोनस जातीची गोगलगाय विषारी दाताचा भाला मारून मासे पकडते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मूळचे फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिवेरा यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिन्टोश या विद्यार्थ्याने तिच्या विषातला २५ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा केला. त्याची कृत्रिम प्रत म्हणजे झिकोनोटाइड. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे सरकवणारी कॅल्शियमची वाट ते बंद करते. अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मॉर्फिनप्रमाणे त्याची सवय लागत नाही.

पण ते गोळीने देता येत नाही, साध्या इंजेक्शनने दंडातही नाही. पंपाद्वारे थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. मात्रा थोडी जरी चुकली तरी चक्कर, गोंधळलेपण, भास असे त्रास होतात. त्यामुळे इतर उपाय थकल्यावरच ते दिले जाते. ९० वर्षांपूर्वी नागाच्या विषाबाबत जो प्रश्न होता, तोच इथेही आहे. रेणू उत्तम आहे, तो हव्या त्या ठिकाणी पोहोचवायचा कसा?

२०१२ मध्ये ब्लॅक मांबाच्या विषात ‘मांबाल्जिन’ नावाची प्रथिने सापडली. उंदरांमध्ये त्यांचा वेदनाशामक परिणाम मॉर्फिनइतका होता आणि श्वास मंदावत नव्हता. माणसांसाठीचे औषध त्यातून अद्याप झालेले नाही. हा शोध लावणारी प्रयोगशाळा फ्रान्समध्ये, काल्मेत जिथे जन्मले त्या नीसपासून जवळच आहे.